गिल्बर्ट राउशचं क्राउट

थँक्सगिव्हिंगचं जेवण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी असतं, पण अर्माची यादी ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारीच निघते. चर्चमधून बाहेर पडताना ती काळ्या पर्समधून घडी घातलेले कागद काढते आणि भावंडं, भाचरं, सुना, जावई यांच्या हातात समन्स बजावल्यासारखी एकेक ठेवत जाते. कागदावर तीन रकाने असतात. पदार्थ, नाव, शेरा. मुख्य पदार्थ टर्की, नाव अर्मा, शेरा काही नाही, कारण अर्मावर शेरा मारणारा माणूस राउश घराण्यात अजून जन्माला आलेला नाही. मग जोडीचे पदार्थ. पावाचं सारण, अर्मा. ग्रेव्ही, अर्मा. क्राउट, अर्मा. कुस्करलेले बटाटे, धाकटी सून. असं करत करत कागदाच्या अगदी तळाशी, घडी पडते त्या ओळीवर, गिल्बर्टचं नाव येतं.

'बर्फ, दोन पिशव्या. गिल्बर्ट. शेरा: वेळेवर आणणे.'

गिल्बर्ट अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पालिकेत गाडी उभी करण्याचे परवाने देण्याच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसतो आहे. त्याच्या सहीवाचून या शहरात भले भले वकील आपली गाडी आपल्याच दारात लावू शकत नाहीत. आणि हा माणूस गेली एकोणीस वर्षं बहिणीकडे बर्फ घेऊन जातो. बर्फ हा पदार्थ आहे का, हा प्रश्न त्याने मनातल्या मनात खूपदा चघळला होता. बर्फाची कृती कोणी विचारत नाही. 'बर्फ छान जमलाय हं या वेळी' असं कोणी म्हणत नाही. शिवाय जेवण अर्धं होईपर्यंत त्याचं पाणी होतं आणि ते कोणीतरी बेसिनमध्ये ओतून टाकतं.

गुन्हा काय होता, तेही सांगून टाकू. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे ग्रेव्ही होती. अर्माने चार तास उकळलेला हाडांचा अर्क गाळून घ्यायचा होता. गिल्बर्टने चाळणी सिंकमध्ये ठेवली, पातेलं तिच्यावर उपडं केलं आणि हाडं नीट जपून वाडग्यात काढून ठेवली. सगळा अर्क मोरीवाटे बंदराच्या दिशेने निघून गेला. चूक होती, हे तो कबूल करतो. पण दरोडेखोरालासुद्धा चांगल्या वागणुकीबद्दल सूट मिळते, इथे जन्मठेप कशासाठी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तरीही या वर्षी तो गप्प बसला असता. पण घडीच्या वरच्याच ओळीवर त्याची नजर गेली. 'रताळी. ट्रेंट.'

"ट्रेंट कोण?" त्याने गाडीत बसल्यावर बायकोला विचारलं.

"तुझ्या भाचीचा, कॅरोलिनचा नवा मित्र. ॲरिझोनाचा." डॉटी म्हणाली. ती दातांच्या डॉक्टरकडे दात साफ करायचं काम करते, त्यामुळे समोरच्याला बोलता येत नाही अशा वेळी आपण बोलायची तिला सवय आहे. "सहा आठवडे झालेत भेटून."

"सहा आठवडे? आणि त्याला रताळी?"

"त्याने अजून काही मोरीत ओतलेलं नाही ना."

 घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता गिल्बर्टने फोन उचलला. वास्तविक अर्मा भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या त्याच रांगेत, तीन दारं सोडून राहते. पण काही गोष्टी समोरासमोर बोलण्याइतकं धैर्य त्याच्यात तेव्हा नव्हतं.

"अर्मा, या वर्षी मी बर्फ आणणार नाही."

"का? फ्रीज बिघडला?"

"मी क्राउट आणणार. घरी घातलेलं. आईच्या बरणीतलं."

 या वाक्याचं वजन बाल्टिमोरच्या माणसाला सांगावं लागत नाही. टर्कीच्या शेजारी मीठ घालून आंबवलेला कोबी नसेल, तर या शहरात त्या जेवणाला कोणी जेवण म्हणत नाही. देशातल्या बाकीच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. येईना का. राउशांच्या घरी क्राउट आई घालायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून अर्मा दुकानातली पिशवी आणते, कात्रीने कापते, त्यात सफरचंद किसते आणि म्हणते, "आईसारखंच झालंय, नाही?" टेबलाभोवतीची सगळी माणसं माना डोलावतात. गिल्बर्टही डोलावतो. नऊ वर्षं तो बर्फ वाढता वाढता खोटं बोलत आला होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"क्राउट म्हणजे खेळ नाही, गिल." अर्मा म्हणाली. "ठीक आहे. जेवणाच्या आधीच्या रविवारी मी येऊन चव बघीन. मी हो म्हटलं तर क्राउट तुझं. नाही म्हटलं तर जन्मभर बर्फ. आणि पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

"मंजूर."

"नीट विचार कर."

"मंजूर म्हटलं ना!" गिल्बर्ट ओरडला आणि फोन ठेवल्यावर खुर्ची शोधू लागला.

आईची चिनी मातीची बरणी तळघरात होती. तिच्यात छत्र्या ठेवलेल्या होत्या. त्याने ती काढून घासली, उकळत्या पाण्याने धुतली आणि शनिवारी बाजारातून पंचवीस पौंड कोबी आणला. ही बातमी कशी फुटली देव जाणे, पण तो गड्डे उतरवत होता तेव्हाच डाव्या भिंतीपलीकडचे मिस्टर पावलक दारात हजर झाले. पावलक बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यापासून ते गल्ली चालवतात.

"मीठ किती घालणार?"

"वजन करून. शंभराला सव्वादोन."

"वजन?" पावलकना हसू आवरेना. "अरे, मीठ मुठीने घालतात. माझी आजी मुठीने घालायची."

"तुमच्या आजीची मूठ मी कुठून आणू?"

मिठाचं वजन त्याने कचेरीतल्या टपालाच्या काट्यावर केलं. त्यावरून साहेबांनी त्याला आत बोलावून, सरकारी काट्यावर घरगुती मीठ मोजण्याबद्दल नियम काय सांगतो, ते वाचून दाखवलं. नियम काहीच सांगत नव्हता, म्हणून साहेब जास्तच चिडले. न्हाव्याने सांगितलं, तळाशी शहाजिरं. खाटकाने सांगितलं, शहाजिरं घातलंस तर माझ्या दुकानात पाऊल टाकू नकोस. उजव्या भिंतीपलीकडच्या मिस ओडेसा, ज्यांनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्या तेवढ्या म्हणाल्या, "मिस्टर राउश, हात धुवा आणि कोणाचं ऐकू नका." हा सल्ला गिल्बर्टने तिथल्या तिथे मोडला, कारण पुढच्याच मिनिटाला त्याने पावलकांचं ऐकलं.

प्रश्न दडपणाचा होता. कोबी मिठाच्या पाण्याखाली बुडून राहायला हवा, त्यासाठी वर काहीतरी जड ठेवावं लागतं. आईचा दगड कुठे गेला कोणास ठाऊक.

"संगमरवर ठेव," पावलक म्हणाले. "तुझ्या मागच्या पायरीचा तुकडा निघालाय ना? जड आहे, गुळगुळीत आहे, आणि आपल्या घराचा आहे."

आमच्या रांगेत प्रत्येक दाराला पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या आहेत. दर शनिवारी त्या गुडघे टेकून घासायच्या असतात, आणि ज्याच्या पायऱ्या मळल्या त्याच्या घराण्याबद्दल लोक बोलतात. तेव्हा संगमरवराचं नाव ऐकून गिल्बर्टचा ऊर भरून आला. त्याने तुकडा घासला, उकळला आणि बरणीत ठेवला. चार दिवसांनी बरणी फसफसू लागली. आठव्या दिवशी फेस तळघराच्या जमिनीवर आला. चाखून बघितलं तर आंबटपणाचं नाव नाही, चव ओल्या भिंतीची. मिस ओडेसा खाली येऊन चष्मा लावून बघून गेल्या.

"आंबट पदार्थात संगमरवर विरघळतो आणि आंबटपणा मरतो. हे मी नववीच्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवत होते, मिस्टर राउश."

"मला पावलकनी सांगितलं."

"मिस्टर पावलक नववीत माझ्या वर्गात असते तर नापास झाले असते."

पंचवीस पौंड कोबी कचऱ्यात गेला. पावलकांना जाब विचारला तर ते म्हणाले, "माझ्या आजीचा तर चालला असता."

"तिने संगमरवर ठेवला होता?"

"ठेवला नव्हता. पण चालला असता."

शहाणा माणूस इथे थांबला असता आणि बर्फाच्या पिशव्या मोजू लागला असता. गिल्बर्टने दुसऱ्या दिवशी चाळीस पौंड कोबी आणला. डॉटी विचारत होती, सतरा माणसांना चाळीस पौंड कशाला? तो म्हणाला, "चाळीस म्हणजे चाळीस!" आणि अर्ध्या रात्रीपर्यंत किसत बसला. या वेळी वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेल्या काचेच्या दोन मोठ्या बाटल्या. कोणी सल्ला द्यायला आलं की तो दार उघडायच्या आधीच "नको!" म्हणायचा. एकदा पोस्टमनला म्हणाला.

नोव्हेंबर लागला आणि वास सुरू झाला.

आधी तळघरातून, मग जिन्यातून. मग तो पावलकांकडे पोचला, मग मिस ओडेसांकडे, मग समोरच्या फुटपाथवर. सडक्या कोबीचा, नाक धरून पळावंसं वाटावं असा वास. लोक दारावरून जाताना थांबायचे, वर बघायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "गिल्बर्टचं क्राउट." बाजाराच्या रांगेत एक अनोळखी बाई त्याला म्हणाली, "तेच का तुम्ही?" डॉटीच्या दवाखान्यात लोक तोंड उघडून बसलेले असतानासुद्धा तिच्या बाहीचा वास घेऊन भुवया उंचावू लागले.

"गिल, ते टाकून दे."

"अगं, क्राउटला वास येतोच."

"आईंच्या क्राउटला असा यायचा?"

 गिल्बर्ट रोज खाली जायचा, बरणीजवळ उभा राहायचा आणि वर यायचा. झाकण उघडून बघायची त्याची छाती होत नव्हती. चार आठवडे उघडायचं नसतं, असं तो म्हणायचा. खरं तर त्याला भीती वाटत होती की अर्माचं बरोबर निघेल.

दुसऱ्या आठवड्यात मिस्टर पावलक आले ते कोट घालून, हातात फाइल घेऊन.

"राउश, मी आत्ता शेजारी म्हणून आलेलो नाही. गल्ली सुधार मंडळाचा सेक्रेटरी म्हणून आलोय."

"आत या."

"सेक्रेटरी आत येत नाही." पावलकनी दारातच कागद पुढे केला. दुर्गंधीबद्दल नोटीस होती. मंडळाच्या छापील फॉर्ममध्ये दुर्गंधीची तीनच कारणं होती: तुंबलेलं गटार, रसायन, मेलेलं जनावर. कोबीला रकाना नव्हता. पावलकनी बराच विचार करून तिसऱ्यावर खूण केली होती. खाली लिहिलं होतं, 'सदर जनावर सात दिवसांत हलवून तसा पुरावा सादर करावा.'

"पण जनावरच नाही!"

"मग नसल्याचा दाखला आण."

"कोण देतो?"

"सेक्रेटरी. पण सेक्रेटरी फक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसतो." पावलकनी आवाज खाली आणला. "आता शेजारी म्हणून सांगतो, संगमरवर काढायला नको होतास."

एकतीस वर्षं गिल्बर्टने खिडकीच्या आतून लोकांना 'सोमवारी या' म्हटलं होतं. हे वाक्य बाहेरून कसं ऐकू येतं, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याने नोटीस फ्रीजवर लावली आणि शपथ घेतली, की गल्लीतली सगळी माणसं नाक धरून मेली तरी बरणी हलणार नाही.

ठरलेल्या रविवारी अर्मा आली. बरोबर चमचा आणला होता, रुमालात गुंडाळून. गिल्बर्टने दार उघडलं. अर्माने एक पाऊल आत टाकलं, श्वास घेतला, पाऊल मागे घेतलं.

"हे माझ्या टेबलावर येणार नाही."

"चव तरी बघ! खाली चल."

"गिल, मी सहासष्ट वर्षांची आहे. मला अजून जगायचंय." ती पायऱ्या उतरली आणि वळून म्हणाली, "मी पिशवी आणलीय. तू तुझं बघ. आणि वेळेवर ये."

काय बघायचं ते, म्हणजे बर्फ, तिने बोलून दाखवलं नाही. तेवढी दया तिने केली आणि तीच गिल्बर्टला सगळ्यांत जास्त लागली. निकाल चव न बघता लागला होता. हा अन्याय होता, सरळ सरळ अन्याय, आणि त्या रागाच्या भरातच तो तळघरात उतरला, बाटल्या उचलल्या, ताटली काढली आणि हात घालून मूठभर क्राउट तोंडात टाकलं.

मग तो तिथेच पायरीवर बसला. आईचा हात, आईचा ओला एप्रन, गुरुवारची ती जुनी दुपार, सगळं एकदम आलं. कुरकुरीत, आंबट, स्वच्छ. कसलीही खोट नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण हात खारट होते.

भानावर आल्यावर त्याने बरणीत नाक घातलं. नुसता आंबट वास. डोकं बाहेर काढलं. सडका वास. पुन्हा आत, आंबट. पुन्हा बाहेर, सडका. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीजवळ गेला तर वास दुप्पट झाला. बरणी तर मागच्या भिंतीला होती.

"डॉटी!" तो खालून ओरडला. "माझा कोबी निर्दोष आहे!"

"बरं." वरून आवाज आला.

तिने विश्वास ठेवला नाही. कोणीच ठेवला नाही. पावलक म्हणाले, वास वाऱ्याने फिरतो. तळघरात वारा कुठून येतो, विचारलं तर म्हणाले, तोच तर मुद्दा आहे. सोमवारी आणि मंगळवारी गिल्बर्ट पुरावा गोळा करत राहिला. बुधवारी सकाळी त्याने पावलकांना साक्षीदार म्हणून सक्तीने बोलावलं आणि दोघांनी मिळून बरणी मागच्या बोळात नेऊन ठेवली. पावलकांची पाठ धरली. दारं-खिडक्या उघडून तासभर दोघं बोळात थंडीत बसले. मग आत गेले. वास जिथल्या तिथे होता.

"आता?" गिल्बर्टने विचारलं.

पावलकनी पाठ चोळत बराच वेळ हुंगलं. "मग हा कशाचा?"

गिल्बर्टने गॅस कंपनीला फोन केला. वीस मिनिटांत पिवळं जाकीट घातलेली एक धिप्पाड बाई आली. हातातलं यंत्र तिने तळघराच्या दारातून नुसतं आत धरलं, तर ते किंचाळू लागलं. तिने दोघांच्या दंडाला धरून त्यांना रस्त्यावर काढलं. दहा मिनिटांत सगळी रांग फुटपाथवर होती, कोणी चपलांत, कोणी कणकेच्या हातांनी. अर्मा एप्रनवर होती आणि तिच्या हातात चोवीस पौंडांची कच्ची टर्की होती, कारण तिला टर्की सोडून घराबाहेर पडता येईना. रस्त्याखालचा जुना नळ फुटला होता. गॅस मातीतून एकेका तळघरात झिरपत होता.

"हा वास किती दिवस येतोय?" पिवळ्या जाकिटाने विचारलं.



"तीन आठवडे," गिल्बर्ट म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"तीन आठवडे? आणि एकाही माणसाने फोन केला नाही? अहो, अख्खी रांग उडाली असती!"

"आम्हाला वाटलं," पावलक बुटांकडे बघत म्हणाले, "याचं क्राउट आहे."

सगळ्यांत वाईट अवस्था मिस ओडेसांची होती. "तीस वर्षं मी पोरांना शिकवलं," त्या हळूच म्हणाल्या. "गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात औषध घालतात. त्याचा वास सडक्या कोबीसारखा येतो, असं मी फळ्यावर लिहून देत होते."

"मग, मिस ओडेसा?"

"मग काय. नोव्हेंबर होता, क्राउटचा महिना."

पिवळ्या जाकिटाने मान हलवली. तीही इथलीच होती, कोणालाही 'हन', म्हणजे 'लाडक्या' म्हणणारी. "खरंय, हन," ती म्हणाली. "मलाही तेच वाटलं असतं." मग तिने चावी फिरवली आणि रांगेतल्या छत्तीस घरांचा गॅस बंद झाला. नळ बदलून, घराघरात तपासणी होऊन तो परत येणार होता सोमवारी.

दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. गुरुवारी सकाळी रांगेतल्या छत्तीस घरांत छत्तीस थंड भट्ट्या होत्या. घरं गार पडली होती. अर्माचं सारण कच्चं, बटाटे कच्चे. ट्रेंटने रताळी मायक्रोवेव्हमध्ये घातली, ती फुटली आणि मायक्रोवेव्हही गेला. हॉटेलात जागा नाही, नातेवाईक सगळे इथेच. अर्मा स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती. यादी तिच्या पुढ्यात होती आणि ती पेन्सिलीने एकेक ओळ खोडत होती. जन्मात पहिल्यांदा तिला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. गिल्बर्ट दार न वाजवता आत गेला आणि तिच्या हातातून पेन्सिल घेतली.

"अरे, काय करतोस?"

त्याने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. 'मुख्य पदार्थ: क्राउट. गिल्बर्ट. जोडीला: टर्की, झाली तर.'

"गिल! थँक्सगिव्हिंगला टर्की जोडीला?"

"चूल न लागता शिजलेला पदार्थ या रांगेत एकच आहे. चाळीस पौंड आहे. टर्की कापून दे, पावलक कोळशावर भाजतील. होईल तेव्हा होईल."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तीन आठवडे म्हणून घेतलंय." गिल्बर्ट म्हणाला. "आता खातील."

टेबलं मागच्या बोळात लागली, कारण उन्हात तरी थोडी ऊब होती. सतरा राउश होते, पण आजूबाजूच्या घरांतूनही माणसं खुर्च्या घेऊन आली, कोणी पाव आणला, कोणी कोरडं सॉसेज, कोणी नुसतेच आले. पावलकांच्या कोळशाने बोळ धुराने भरला. टर्कीचे तुकडे बाहेरून काळे आणि आतून गुलाबी राहिले, आणि पावलक सांगत होते की त्यांच्या आजीची टर्कीसुद्धा अशीच व्हायची. बरणी मधोमध होती. गिल्बर्टने वाढप कोणाच्या हातात दिलं नाही. ज्याने ज्याने नाक धरलं होतं, त्याच्या ताटात त्याने दोन मोठे डाव जास्त घातले.

जेवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं असतं. गिल्बर्ट दर वर्षी 'कुटुंबाबद्दल' म्हणून चटकन खाली बसायचा. या वर्षी त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. डॉटीने त्याची बाही ओढली. त्याने बाही सोडवून घेतली.

"मी या वर्षी कोणाचेही आभार मानणार नाही," तो म्हणाला.



"एकोणीस वर्षं मानले. आता तुम्ही माझे माना. मी क्राउट घातलं म्हणून मी खाली बरणीपाशी गेलो, बरणीपाशी गेलो म्हणून वास कुठून येतो ते मला कळलं, आणि ते कळलं म्हणून आज तुम्ही सगळे इथे जिवंत बसून त्याच क्राउटची वाट बघताय. मी बसणार नाही. एकेकाने म्हणा."

कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. गिल्बर्टचे कान लाल झाले होते, पण तो बसला नाही. आधी मिस ओडेसा म्हणाल्या, "आभारी आहे, मिस्टर राउश." मग पावलक म्हणाले, शेजारी म्हणून एकदा आणि सेक्रेटरी म्हणून एकदा. मग डॉटी, मग कॅरोलिन, मग ट्रेंट, जो म्हणाला की ॲरिझोनात असलं काही होत नाही. असं होत होत पाळी टेबलाच्या टोकाला पोचली.

 अर्माने काट्याने थोडं क्राउट उचललं, तोंडात घातलं आणि चावत राहिली. चावणं हळू झालं. तिने काटा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि दुसरा घास घेतला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. थंडीने असेल, असं ती नंतर म्हणाली.

"मला घालायची हिंमत झाली नाही, गिल," ती ताटाकडे बघत म्हणाली. "नऊ वर्षं. बिघडलं असतं तर आईचं म्हणून काहीच उरलं नसतं. म्हणून मी पिशवी आणत राहिले."

"पिशवीचं आम्हाला माहीत होतं," गिल्बर्ट म्हणाला.

"सगळ्यांना?"

बाकीच्या सगळ्या राउशांनी माना डोलावल्या.

"हे आईचंच आहे," अर्मा म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि भावाकडे वर बघितलं. "आभारी आहे. मीठ मात्र किंचित..."

"अर्मा!"

"बरं बाबा, आभारी आहे. बस आता खाली."

गिल्बर्ट खाली बसला. समोरच्या माणसाने ताट पुढे केलं होतं, त्यात त्याने आणखी एक डाव घातला.